हशामागचा माणूस : लोकशाहीर अण्णाभाऊ साठे

गतवर्षी आमच्या वर्गात एक वाद चांगलाच रंगला होता. टीव्हीवर आणि मोबाइलवर पुढाऱ्यांच्या नकला करणारे विनोदी कार्यक्रम आमच्या वयाची मुले मोठ्या आवडीने पाहतात. ते पाहून मुले राजकारणाचा विचार करू लागतात, की सारे एकाच माळेचे मणी असे म्हणून मतदानाच्या दिवशी घरी झोपून राहतात, असा तो वाद होता. बहुतेक मुलांनी पहिली बाजू घेतली. सरांचा कल दुसरीकडे दिसला. मी मात्र गप्प बसलो, कारण या दोन्ही बाजू मी आमच्या घरातच पाहिल्या होत्या.

आमचे आजोबा तमाशाचे मोठे शौकीन. तरुणपणी किन्हीराजाहून चार-चार कोस चालत यात्रेला जाऊन त्यांनी रात्ररात्र वग पाहिले आहेत. सोंगाड्याने पाटलाची फजिती कशी केली, हे ते आजही सांगतात आणि सांगता सांगता डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. पण सकाळी गावात परतल्यावर ते एका वाड्याच्या पायरीखाली चपला काढून उभे राहत, आणि मत कोणाला द्यायचे तेही त्यांना तिथूनच कळत असे. हेही तेच सांगतात. मात्र हे सांगताना ते हसत नाहीत.

मग रात्रीच्या त्या हसण्याचा उपयोग तो काय झाला? हा प्रश्न मनात घोळत असतानाच आपल्या ग्रंथालयात राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेला अण्णाभाऊ साठे यांच्या निवडक वाङ्मयाचा जाडजूड ग्रंथ हाती लागला. अण्णाभाऊंची तसबीर मी लहानपणापासून पाहत आलो आहे. दर १ ऑगस्टला ती सजवलेल्या गाडीवर असते, पुढे वाजंत्री असते, मुले नाचतात. मीही नाचलो आहे. पण ज्यांच्यापुढे नाचलो त्या माणसाने पुढाऱ्यांना हसवून हसवून बेजार केले होते, हे मला महाविद्यालयात येईपर्यंत ठाऊक नव्हते. ‘फकिरा’चे नाव तेवढे ऐकले होते.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. वाळवे तालुक्यातले हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता सांगलीत आहे. मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. घर मांग समाजातले, गावकुसाबाहेरचे. वडील मुंबईत मोलमजुरी करीत आणि अधूनमधून गावी येत. शाळेत अण्णाभाऊ जेमतेम दीड दिवस गेले, असे सर्वजण सांगतात. हा दीड दिवसाचा आकडा आज भाषणांतून इतक्या कौतुकाने सांगितला जातो की, त्यातले दुःख लोकांच्या ध्यानातच येत नाही असे मला वाटते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. वर्गात बसायला मिळणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी कोणी बसलेले नाही त्यालाच कळते. अण्णाभाऊ शाळा सोडून मोठे झाले, असे म्हणण्यापेक्षा शाळेने त्यांना राहू दिले नाही आणि तरीही ते मोठे झाले, असे म्हणावे.

१९३०-३२ च्या सुमारास साठे कुटुंब पोटासाठी मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून वाटेगाव ते मुंबई हे अंतर त्यांनी पायी तोडले. वाटेत मिळेल ते काम करायचे, त्यावर चार दिवस काढायचे आणि पुन्हा चालू लागायचे. मुंबईत आल्यावर पोरवयाच्या तुकारामाने कोळसा वाहिला, फेरीवाल्याबरोबर हिंडून गाठोडी उचलली, पुढे गिरणीत काम केले. वाचायला शिकला तो दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या जाहिरातींवरून. याच शहरात त्यांनी संप पाहिले, मोर्चे पाहिले, लाल बावटा पाहिला. मध्यंतरी गावी परतल्यावर नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात ते रमले. आवाज होता, पाठांतर होते, हजरजबाबीपणा होता. म्हणजे एका बाजूने गिरणीतला संप आणि दुसऱ्या बाजूने फडातली ढोलकी, अशा दोन शाळांतून त्यांचे शिक्षण झाले. या दोन गोष्टी एकाच माणसात एकत्र आल्या नसत्या, तर पुढचे काही घडलेच नसते.

पुन्हा मुंबईला आल्यावर ते माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहू लागले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या कामात ओढले गेले. तिथे त्यांनी रचलेले पहिले गाणे डासांवर होते, असे सांगतात. मला ही गोष्ट फार आवडली. क्रांतीवर नाही, देशावर नाही, तर रात्रभर झोपू न देणाऱ्या डासांवर! ज्याला रोज डास चावतात त्याला हे गाणे ऐकून प्रथम हसू येणार, आणि हसून झाल्यावर आपल्याच वस्तीत एवढे डास का, हा प्रश्न पडणार. अण्णाभाऊंच्या पुढच्या सर्व विनोदाची चाल या पहिल्याच गाण्यात दिसते.

१९४३ साली त्यांनी ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ लिहिला. त्या वेळी त्यांचे वय २३ होते. वाटेगावचा हा तरुण व्होल्गेच्या काठच्या लढाईवर पवाडा रचतो आणि मुंबईचे गिरणी कामगार तो ऐकायला गर्दी करतात, याचे आजही आश्चर्य वाटते. १९४४ साली शाहीर अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासमवेत त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब पटेल. आवाज असा पहाडी की ध्वनिक्षेपकाची गरज नसे. गवाणकर कोकणातले. तिघेही ऐन तिशीच्या आतबाहेरचे. त्याच काळात बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता, लाखो माणसे अन्नावाचून मेली होती. ‘बंगालची हाक’ हा पवाडा त्यातून आला. १९४५ साली टिटवाळ्याला किसानांची परिषद भरली, तेथेही हे पथक गाजले.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. अण्णाभाऊंचे पवाडे वीररसाचे आहेत, पण त्यांची लोकनाट्ये हसवणारी आहेत. नावेच पाहा : ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘पुढारी मिळाला’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’, ‘बेकायदेशीर’. निवडणुकीला उभा राहणारा शेठ, घोटाळे आडनावाचा देशभक्त, दौऱ्यावर निघालेला मंत्री! ऐंशी वर्षे होत आली, तरी यातले एकही नाव जुने वाटत नाही. हे कौतुक समजावे की खेद, ते वाचकांनीच ठरवावे.

तमाशाची रचना आपल्याला मराठीच्या तासाला शिकवली जाते. आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. गणात गणपतीला नमन, गवळणीत कृष्णाने गोपींची वाट अडवायची, वगात राजा-राणीची कथा. अण्णाभाऊंनी हा साचा मोडला नाही, आतला माल बदलला. गणात गणपतीच्या जागी मातृभूमी, हुतात्मे आणि कष्टकरी यांना वंदन आले. गवळण त्यांनी गाळून टाकली. वगातला राजा खाली उतरला आणि त्याच्या जागी शेतकरी, गिरणी कामगार, हमाल येऊन बसले. सोंगाड्या मात्र त्यांनी ठेवला. वेड पांघरून नेमका अडचणीचा प्रश्न विचारणारा हा गडी म्हणजे तमाशाचा जीव. त्याला काढले असते तर भाषणच उरले असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आजच्या विनोदी कार्यक्रमांत मी पाहतो की, हशा पुष्कळदा जाड माणसावर, काळ्या रंगावर, साडी नेसलेल्या पुरुषावर नाही तर खेडवळ बोलीवर वसूल केला जातो. आमची वऱ्हाडी बोली कानावर पडली की वाक्य पुरे होण्याआधीच लोक हसतात. पुढारी त्यात येतो तो चालीपुरता आणि आवाजापुरता. त्याने काय केले, हे त्या विनोदात क्वचितच असते. त्याची मान कशी हलते हे आम्हाला पाठ आहे, त्याने घेतलेला निर्णय मात्र ठाऊक नाही. अण्णाभाऊंच्या लोकनाट्यात गावरान बोली ही शहाण्या माणसाची बोली आहे आणि हसू येते ते सावकाराच्या हिशेबाचे, काळ्या बाजाराचे, उमेदवाराच्या आश्वासनांचे. विनोदाचा रोख कोणाकडे आहे, हे पाहिल्याखेरीज विनोद तरुणांना बिघडवतो की घडवतो या वादाला अर्थ नाही, असे माझे मत झाले आहे.

अर्थात अण्णाभाऊ आकाशातून पडले नव्हते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली स्थापलेल्या सत्यशोधक समाजाचे जलसे त्यांच्या आधी खेडोपाडी होत होते. आंबेडकरी जलसेही होते. भटशाही, सावकारी, अस्पृश्यता यांची थट्टा करीत ज्ञान सांगण्याची वाट तेथे पडलेलीच होती. दुसऱ्या बाजूला राष्ट्र सेवा दलाचे कलापथक होते. पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य लिहिले ते याच परंपरेत, आणि निळू फुले, दादा कोंडके यांच्यासारखे नट याच मुशीतून पुढे आले. पक्ष निराळे, विचार निराळे, पण तरुणांपर्यंत पोहोचायचे तर ढोलकी हवी आणि सोंगाड्या हवा, हे सर्वांनाच उमगले होते.

सरकारलाही ते उमगले होते. विनोदाला सरकार घाबरते याचा जुना पुरावा म्हणजे १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा. बंगाली नाटकांतून गोऱ्या साहेबांची बदनामी होऊ लागली तेव्हा इंग्रजांनी तो केला. इंग्रज गेले, पण तो कायदा २०१८ सालापर्यंत पुस्तकात राहिला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात मोरारजी देसाई गृहमंत्री असताना तमाशावर बंदी आली. कारण अश्लीलतेचे दिले गेले. कलापथकावरही पोलिसांचा डोळा होता. तेव्हा अण्णाभाऊंनी आणि त्यांच्या साथीदारांनी तमाशा हा शब्द सोडला आणि लोकनाट्य या नावाने खेळ चालू ठेवले. आज आपण पाठ्यपुस्तकात जो प्रतिष्ठित शब्द लिहितो, तो रूढ होण्यामागे पोलिसांची भीती होती, ही मोठी गंमत आहे. परीक्षेत लोकनाट्याची व्याख्या लिहिताना मला नेहमी हे आठवते.

या खेळांचा तरुणांच्या मतांवर परिणाम झाला का? झाला असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक पाहा. गिरणगावात, किसान सभांत एवढी लोकनाट्ये झाली, शेटजी आणि पुढारी यांच्यावर एवढे लोक हसले, आणि मुंबई विधानसभेच्या ३१५ जागांपैकी २६९ जागा काँग्रेसने जिंकल्या. हसणारे हसले आणि मत जिथे पडायचे तिथे पडले, असेच म्हणावे लागते. हे वाचताना मला आमच्या आजोबांचा तो वाडा आठवला.

पुढची गोष्ट वेगळी आहे. १९५५ च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, १९५६ च्या जानेवारीत मुंबईत पुन्हा गोळ्या चालल्या, आणि ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एका मांडवाखाली आले. अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकर यांच्या डफाला आता एक ठरलेली जागा मिळाली. सभेआधी शाहिरी, मग भाषण, मग सत्याग्रहींची नोंदणी. मुंबई कोणाची हा वाद अण्णाभाऊंनी ‘माझी मुंबई’ या लोकनाट्यात आधीच रंगवला होता. ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत गावी राहिलेल्या कारभारणीचा विरह आणि बेळगाव, कारवार, निपाणीचा विरह त्यांनी एकमेकांत असा गुंफला की, ऐकणाऱ्याला आपण बायकोसाठी रडतो की सीमाभागासाठी, हे कळू नये. १९५७ च्या निवडणुकीत मुंबई व पश्चिम महाराष्ट्रात समितीने सत्ताधाऱ्यांना जबर तडाखा दिला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले.

शाहीर तेच, विनोद तोच आणि ऐकणारेही बरेचसे तेच. मग पाच वर्षांत काय बदलले? माझ्या अल्पबुद्धीला वाटते ते असे की, १९५६ साली हसून उठलेल्या तरुणाला तिथेच शेजारी नाव नोंदवायला टेबल होते, सकाळी जायला मोर्चा होता आणि बरोबर चालायला शेजारी बसून हसलेलाच माणूस होता. आमच्या आजोबांना यात्रेतून परतताना अंधारा रस्ता होता आणि पुढे तो वाडा होता. आम्हाला तर रस्ताही नाही. एक चित्रफीत संपली की बोट दुसरी लावते, आणि हसतोही आपण एकटेच, कानात तारा घालून.

प्रामाणिकपणे हेही लिहिले पाहिजे की, १९५७ साली आमचा विदर्भ समितीबरोबर नव्हता. अकोला जिल्हा, ज्यात तेव्हा वाशीमही होते, १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात मोडत असे. मुंबईच्या मोर्चांचा आवाज आमच्या मालेगावपर्यंत (नाशिकचे नव्हे, वाशीमचे) पोहोचला तो फार क्षीण. त्यामुळे अण्णाभाऊ आमच्याकडे आले ते शाहीर म्हणून नव्हे, कादंबरीकार म्हणून, आणि त्यानंतर तसबीर म्हणून.

कादंबरीकार अण्णाभाऊंविषयी येथे थोडक्यातच लिहितो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तीसहून अधिक कादंबऱ्या आणि कितीतरी कथा त्यांनी लिहिल्या, त्याही बहुतेक घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत बसून. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन त्यांनी केले. १९५९ साली ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ज्या सत्तेची त्यांनी आयुष्यभर थट्टा केली, तिनेच त्यांचा सत्कार केला! त्याच वर्षी ते सोव्हिएत रशियाला जाऊन आले आणि त्यांनी त्या प्रवासावर पुस्तक लिहिले. ‘वैजयंता’ आणि ‘फकिरा’ यांवर चित्रपट निघाले. वाटेगावहून मुंबईला पायी आलेला माणूस विमानाने मॉस्कोला गेला, हे वाक्य जयंतीच्या प्रत्येक भाषणात असते. परत येऊन तो चिरागनगरच्या झोपडीतच राहू लागला, हे वाक्य मात्र बहुधा गाळले जाते.

शेवटची वर्षे फार हालाची गेली. पुस्तके खपत होती, पण त्या मानाने लेखकाच्या हाती पैसा लागत नव्हता. कलापथक पांगले होते. संयुक्त महाराष्ट्र मिळाला होता, आणि मिळाल्यावर शाहिरांची कोणाला तितकीशी आठवण राहिली नव्हती. अखेरीस गोरेगावच्या सिद्धार्थनगरात त्यांना शासनाचे लहानसे घर मिळाले. तेथेच १८ जुलै १९६९ रोजी, वयाला ४९ वर्षेही पुरी झालेली नसताना, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी १३ जूनला आचार्य अत्रे गेले होते आणि २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. संयुक्त महाराष्ट्राला हसवणारे आणि पेटवणारे तीन आवाज अडीच महिन्यांत बंद झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई दूरदर्शन सुरू झाले. अण्णाभाऊंना टीव्ही मिळाला असता तर त्यांनी काय केले असते, असा विचार मनात येतो. कदाचित त्यांना तिथे घेतलेच नसते.

मरणानंतर मात्र सर्व काही झाले. १९८५ साली त्यांच्या नावाने विकास महामंडळ निघाले, २००२ साली टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला. निवडणूक आली की सर्व पक्षांच्या फलकांवर त्यांचा फोटो असतो. त्यात ‘शेटजींचे इलेक्शन’ वाचलेले किती, हा प्रश्न एखाद्या सोंगाड्याने विचारला पाहिजे.

दिवाळीच्या सुट्टीत मी तो जाड ग्रंथ घरी नेला होता. सोयाबीनची सोंगणी उरकली होती, रात्री वेळ मिळत असे. ओट्यावर बसून मी आजोबांना ‘अकलेची गोष्ट’ वाचून दाखवली. वाचताना मी अडखळत होतो, आणि बतावणी कशी म्हणायची असते ते आजोबा मला मध्येच हाताने ठेका धरून दाखवत होते. ते पुष्कळ हसले. शेजारचे दोघेतिघे येऊन बसले, तेही हसले. वाचून झाल्यावर आजोबांनी विचारले की, हे लिहिणारा किती शिकला होता? मी दीड दिवस सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की ते स्वतः तर दुसरीपर्यंत शाळेत गेले होते.

यंदा माझे नाव मतदारयादीत पहिल्यांदाच आले आहे. वाड्यावरून अजून निरोप येतो, फक्त आता तो मोबाइलवर येतो. आजोबांनी या वेळी तो मला वाचून दाखवायला सांगितला नाही. ‘पुढारी मिळाला’ वाचायचे राहिले आहे, पुढच्या रविवारी ये, एवढेच त्यांनी कळवले आहे.